आजारी माणसाची सवड

सुलावेसी बेटावर, तोराजाच्या डोंगरात, बापाला आंबे म्हणतात. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं, कारण साम्पे बारुंबुनचे आंबे आजारी होते आणि पुढे हसायला फारशी जागा नाही.

आजार तसा जुना. दोन वर्षांपूर्वी, भात कापून झाल्यावर, अंगणातल्या बांबूच्या बाकावर बसलेले असताना ते एकदम आजारी पडले. मकालेहून डॉक्टर आला. त्याने छातीला नळी लावली, मनगट धरलं, घड्याळात पाहिलं आणि एका कागदावर सही केली. मग त्याच्या परिचारकाने ते टिकावेत म्हणून टोचायचं ते औषध टोचलं. तेव्हापासून आंबे घराच्या दक्षिणेकडच्या खोलीत, पश्चिमेला डोकं करून निजून होते. सकाळी त्यांना भात आणि कॉफी जाई. पाहुणे दाराशी खाकरत, "आम्ही आलोय" असं सांगून आत येत आणि कुणाच्या जमिनीचा वाद कुठवर आला, कुणाच्या रेड्याला काय झालं, हे सगळं त्यांच्या कानावर घालून जात. श्वास घेत नाहीत एवढं सोडलं तर त्यांच्यात आणि कुठल्याही अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यात काही फरक नव्हता, आणि तेवढीच गोष्ट नेमकी काढून दाखवण्याइतकं असभ्य त्या गावात कुणी नव्हतं.

मरण तिथे डॉक्टर ठरवत नाही, घराणं ठरवतं. सगळा गोतावळा जमतो, पाहुण्यांसाठी बांबूचे मांडव उठतात, रेडे आणि डुकरं येतात, आजाऱ्याला उचलून त्याचं डोकं दक्षिणेला फिरवतात, आणि पहिला रेडा पडला की माणूस मरतो. तोवर तो आजारी. कुणाची तयारी सहा महिन्यांत होते, कुणाची सहा वर्षांत.

साम्पेच्या आईने (आईला तिथे इंदो म्हणतात) पहिल्याच दिवशी पोरांना समोर बसवून बजावलं होतं. "तो शब्द कुणी काढायचा नाही. घरात नाही आणि घराबाहेरही नाही. त्याला ऐकू जातं."

साम्पेकडे मकास्सरच्या तंत्रनिकेतनाची पदविका होती. कानाचा पडदा कसा चालतो आणि कधी चालायचा थांबतो, हे त्याला ठाऊक होतं. तरीही दोन वर्षांत तो शब्द त्याच्या तोंडून एकदाही गेला नव्हता. कंपनीत कुणी विचारलं की तो म्हणे, "वडील आजारी असतात." कंपनीच्या आरोग्य योजनेतही आंबे अजून होते. दर वाढदिवसाला आंब्यांच्या फोनवर त्यांच्या नावाने संदेश यायचा: आपली वार्षिक तपासणी बाकी आहे, रोज अर्धा तास चाला. कार्ड चालू होतं, वापरत कुणी नव्हतं. असा सभासद कुठल्याही योजनेला मिळणं कठीण.

कारखाना खाली किनाऱ्यावर होता, घरापासून गाडीने जवळजवळ एक दिवस. तिथे डोंगरातली लाल माती भाजून, वितळवून तिच्यातून निकेल काढत. कारखाना चालवणारी माणसं पुष्कळ होती. साम्पेचं काम तो बंद करायचं. कधी बंद करायचा, किती दिवस, कुठला बोल्ट कुणी उघडायचा, कुठलं काम कुठल्या कामासाठी खोळंबलंय, हे सगळं तो पडद्यावर आडव्या पट्ट्या काढून मांडायचा. बंद पडलेला कारखाना दर तासाला पैसा खातो, त्यामुळे बंदचा एक दिवस वाचवणाऱ्याला तिथे मान होता. जे काम थोडं मागे सरकलं तरी पुढचं काही अडत नाही, त्या कामाला सवड आहे असं म्हणतात. ज्याला सवड नाही ते तासभर लांबलं की अख्खा कारखाना तासभर लांबतो. साम्पेचे डोळे या सवडीला सरावले होते. बाजारात, बसमध्ये, जाईल तिथे त्याला ती दिसायची. चर्चमध्ये पाद्रीबाबांच्या प्रवचनात तर इतकी दिसायची की तो मान खाली घालून बसे, आणि लोकांना वाटे पोरगा भाविक आहे.

दोन बंद एकत्र करून एक करणं, यात त्याचा हातखंडा होता. घरीही त्याने तेच केलं होतं. आंब्यांची थोरली बहीण, साम्पेची आत्या, त्यांच्याही आधीपासून शेजारच्या घरात आजारी होती. दोघांचं वेगवेगळं कशाला, असं साम्पेने घराण्याच्या बैठकीत मांडलं. मांडव एकदाच, पाहुणे एकदाच, ट्रक एकदाच. म्हाताऱ्यांनी बराच वेळ पान चघळलं आणि मान डोलावली. "शिकलेला आहे," ते म्हणाले. ऑगस्टचा दुसरा आठवडा ठरला.

कारखान्यातही त्याने असंच जुळवून दिलं होतं. वीजघराच्या बॉयलरचा परवाना ऑगस्टअखेर संपत होता. सरकारी तपासनीस येऊन बॉयलर आतून पाहणार, त्यासाठी तो थंड करावा लागणार. आणि माती भाजायच्या लांबलचक फिरत्या भट्टीच्या आतल्या विटा झिजल्या होत्या. एका जागी तिचं पत्र्याचं अंग लाल दिसायला लागलं होतं आणि त्या लाल डागावर दिवसरात्र पंखे सोडून ठेवले होते. ही दोन कामं दरवेळी वेगळी होत. साम्पेने ती ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एकत्र बसवली. जकार्ताहून शाबासकी आली. देखभाल विभागाचे साहेब पाक (म्हणजे श्रीयुत) सिनागा यांनी त्याला सगळ्यांसमोर पाठीत धपाटा घातला.

सिनागा सुमात्राचे, बाताक जमातीचे. आवाज मोठा, मन सरळ, सुलावेसीत येऊन त्यांना जेमतेम सहा महिने झाले होते. जूनमध्ये एका सकाळी त्यांनी साम्पेला बोलावलं.

"तपासनीसाचा फोन आला. त्याच्या मुलीचं लग्न पुढे आलंय. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात तो नाही. दुसऱ्या आठवड्यात येतो म्हणतो, नाहीतर मग थेट सप्टेंबर."

"सप्टेंबरला परवाना संपलेला असेल."

"म्हणूनच म्हटलं, दुसरा आठवडा. आपलं सगळं उचलायचं आणि दोन आठवडे अलीकडे ठेवायचं. काय अडचण आहे?"

एका मुलीच्या लग्नाने बॉयलर हलवला, बॉयलरने भट्टी हलवली, आणि भट्टी जाऊन बरोबर आंब्यांच्या अंगावर पडली. साम्पेने पडद्यावर विटांची नोंद उघडली.

"विटा आल्यात," तो म्हणाला.

"विटांचं नाही विचारलं. माणसं?"

"दाखवतंय तरी आहेत असं."

"दाखवतंय म्हणजे? तूच भरलंयस ना ते?"

माणसांची गोष्ट अशी होती. भट्टीत विटा बसवायची टोळी पोंग सालुची, म्हणजे साम्पेच्या सख्ख्या काकाची. एकेचाळीस माणसं, सगळी डोंगरातली, सगळी घराण्यातली. कुणी चुलतभाऊ, कुणी आतेभाऊ, कुणी जावई. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात यातला एकही माणूस किनाऱ्यावर असणार नव्हता. पण प्रत्येकाने रजेचं कारण खरं तेच कळवलं होतं: नातेवाईक आजारी. आणि आजारी नातेवाईक ही गोष्ट दोन महिने आधी कळते, हे संगणकाच्या डोक्यात बसत नव्हतं. नातेवाईक मयत असता तर त्याने ताबडतोब तांबडं चिन्ह लावून माणूस वजा केला असता. आजार तो धरतच नव्हता. पडद्यावर एकेचाळीसच्या एकेचाळीस हिरवे दिसत होते.

"चार दिवस द्या, साहेब," साम्पे म्हणाला. "घरी जाऊन येतो."

"वडील अजून आजारीच का?"

"हो."

"मोठ्या शहरात दाखवा रे," सिनागा कळकळीने म्हणाले. "मकास्सरला हृदयाचा एक चांगला माणूस आहे. मी फोन करतो हवं तर."

"बघतो, साहेब," साम्पे म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

*

गाडी डोंगर चढत असताना त्याने मनात सगळ्या पट्ट्या पुन्हा एकदा मांडून पाहिल्या. तपासनीसाला सवड नव्हती, मुलीचं लग्न होतं. बॉयलरला नव्हती. भट्टीवरचा लाल डाग तर पंख्यांच्या जिवावर दिवस काढत होता. सिनागांना नव्हती, जकार्ताला कधीच नसते. या सगळ्या पसाऱ्यात वाट बघायला तयार असलेला माणूस एकच होता, आणि तो त्याचा बाप. दोन वर्षं झाली, तक्रार नाही. कुठल्याही वेळापत्रकात आंब्यांइतकी सवड असलेलं काम साम्पेने पाहिलं नव्हतं.

अंगणात बांबूचा ढीग पडला होता आणि निम्मे मांडव उभे राहिले होते. पोंग सालु सुटीवर आला होता. एका खांबावर चढून तो वेताने गाठ आवळत होता. साम्पेने खालूनच सगळं सांगितलं आणि डिसेंबरमध्ये करू का, असं विचारलं. काकाने गाठ पुरी केली, मगच खाली उतरला.

"म्हणजे तुझ्या भट्टीसाठी माझ्या भावाला थांबवायचा."

"मी थांबवत नाही, काका. विचारतोय."

"पहिल्या वर्षी काय म्हणालास? नवी चिमणी बसवायची आहे, पुढच्या वर्षी करू. गेल्या वर्षी काय म्हणालास?"

"वीजघराचं काम होतं."

"आम्ही काय म्हटलं?"

"बरं म्हटलंत."

"आताही म्हणू," काका खांबाला टेकला. "पोटाची गोष्ट आहे. आम्ही नाही गेलो तर ते सुराबायाहून दुसरी टोळी आणतील, आणि एकदा ती आली की जाणार नाही. एवढं मला कळतं. पण मांडवाचा बांबू डिसेंबरपर्यंत कुजेल, तो तू बदलून द्यायचास. कंपनीकडून घे. नाहीतर निदान एक रेडा तरी द्या म्हणावं त्यांना."

बहीण दामारिस पायरीवर मिरच्या निवडत होती. तिने मान वर केली नाही. "दादा, आंब्यांच्या फोनवर परत संदेश आलाय. रोज अर्धा तास चाला म्हणतात. उठवू का?"

"दामारिस."

"नाही, विचारलं आपलं. तुझीच कंपनी ती. तूच सांग त्यांना कधी उठायचं, कधी मरा—" ती थांबली, जीभ चावली, दक्षिणेकडच्या खोलीकडे पाहून पुटपुटली, "चुकलं, आंबे." आणि मिरच्यांचं सूप उचलून आत गेली.

साम्पे खोलीच्या दाराशी जाऊन खाकरला. आत इंदो बसलेली होती. आंब्यांच्या अंगावर लाल शाल होती, चष्मा उशाशी होता. तो जमिनीवर बसला आणि वडिलांना सगळं रीतसर सांगितलं: तपासनीस, लग्न, परवाना, लाल डाग. तो त्यांच्याशी लहानपणापासून असाच बोलत आला होता, हिशेब दिल्यासारखा. शेवटी म्हणाला, "तेव्हा आंबे, डिसेंबरपर्यंत थांबाल का?"

आंब्यांनी नाही म्हटलं नाही.

"थांबेल तो," इंदो म्हणाली. "त्याला काय झालंय थांबायला?"

तिच्या आवाजात काहीतरी होतं म्हणून साम्पेने वळून तिच्याकडे पाहिलं. त्या खोलीत आल्यावर सगळे आंब्यांकडेच पाहत. आजारी ते होते. इंदोकडे नीट पाहून त्याला वर्ष झालं असेल. तिच्या मनगटातलं चांदीचं कडं सरकत सरकत कोपरापर्यंत गेलं होतं आणि तिने ते दोऱ्याने बांधून ठेवलं होतं.

"इंदो, तू जेवतेस ना?"

"आजाऱ्याच्या आधी जेवायचं नसतं. तो काही लवकर जेवत नाही."

बाहेर कुणीतरी बांबू चिरत होतं. ती बोलायला लागली, तीही आंब्यांकडे बघूनच, जणू त्यांनाच ऐकवायचं होतं.

"रोज उठवते, पुसते, कूस बदलते. ऊन आलं की पडदा ओढते. लेक म्हणते मी करते, पण तिचा हात त्याला चालत नाही. पस्तीस वर्षं माझ्याच हाताची सवय. दोनदा मला वाटलं, आता मीच जाते. एकदा विहिरीवर, एकदा इथेच. मग म्हटलं, कसं जाणार? आजाऱ्याच्या बायकोला मरता येत नाही, साम्पे. त्याला कोण उठवेल? विधवा झाले की पडेन एकदाची. विधवेला पडायला मुभा आहे."

साम्पेने उशाशी ठेवलेला चष्मा उगीच सरळ केला.

"तू त्याला काय विचारतोस?" ती म्हणाली. "तो बिचारा कधी कुणाला नाही म्हणाला? मला विचार."

"डिसेंबरपर्यंत थांबशील?"

कुठलंही काम किती दिवसांत होईल हे माहितगार माणसाला विचारलं की तो जसा आधी छताकडे पाहतो, तसं तिने छताकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "ऑगस्टपर्यंत नेते कसंबसं."

साम्पेने आजवर शेकडो कामांची सवड काढली होती. आपल्या बापाची काढताना ती त्याने भलत्याच माणसाच्या नावावर मोजली, हे त्याला त्या खोलीत जमिनीवर बसल्या बसल्या कळलं. वाट आंबे बघत नव्हते. ते नुसते पडून होते.

*

मंगळवारची बैठक साडेनऊला असे. लांब टेबल, भिंतीवर मोठा पडदा, मधे कुणाच्या तरी बढतीचे केक. वीजघराचा बास्री होता, सुलावेसीचाच, बुगिस जमातीचा, साम्पेच्या बरोबरीचा. कर्मचारी विभागाच्या इबू वेनिंग, म्हणजे वेनिंगबाई, होत्या, जावाच्या, आवाज इतका हळू की त्यांची सूचना ऐकायला सगळा कारखाना पुढे झुकत असे. बाकी आठ-दहा जण. चौथा विषय भट्टी आणि बॉयलरचा.

"दोन्ही वेगळी करावी लागतील," साम्पे उभा राहून म्हणाला. "बॉयलर दुसऱ्या आठवड्यात, तपासनीस येईल तेव्हा. त्याला बाहेरची टोळी आहे, अडचण नाही. भट्टी तोवर मंद आचेवर ठेवू आणि महिनाअखेर थांबवू."

"म्हणजे दोनदा बंद," सिनागा म्हणाले.

"हो."

"म्हणजे तू वाचवलेलं सगळं गेलं."

"हो."

"मी जकार्ताला काय सांगू? ज्याने जोडलं त्यानेच तोडलं?"

"विटांची टोळी त्या आठवड्यात नाही, साहेब."

"पडद्यावर तर एकेचाळीस दिसतायत!" सिनागांनी इबू वेनिंगकडे पाहिलं. त्यांनी समोरच्या संगणकात पाहिलं आणि इतक्या हळू बोलल्या की पंखा बंद करावा लागला.

"रजा मागितल्यात सगळ्यांनी. कारण नातेवाईक आजारी. नातेवाईकाचं नाव सगळ्यांचं एकच आहे. योसेफ बारुंबुन."

"हे कोण?"

"माझे वडील," साम्पे म्हणाला.

सिनागांनी हातातला केक खाली ठेवला. "एका म्हाताऱ्याला बघायला एकेचाळीस माणसं?"

"खरं तर जास्तच लागतात," साम्पे म्हणाला. "उचलायला."

बास्री एकदम पंख्याकडे बघायला लागला. पंखा बंद होता. टेबलाभोवतीची सुलावेसीची सगळी माणसं अशीच कुठे ना कुठे बघत होती, कुणी केककडे, कुणी स्वतःच्या नखांकडे. त्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण ते बोलणं त्यांचं नव्हतं, आणि दुसऱ्याच्या बापाला असं परस्पर कोण मारणार?

"कधीपासून आजारी आहेत?"

"दोन वर्षं."

"आणि बरोबर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात जास्त होणार?"

"हो."

"तारीख ठरली आहे?"

"मांडव निम्मे झालेत."

सिनागा लाल झाले. भट्टीच्या त्या डागासारखे. "हे बघ साम्पे, मी तुझी थट्टा केलेली नाही, तू माझी करू नकोस. एकेचाळीस माणसं एका काकाच्या आजारपणात एकाच दिवशी रजेवर जातात, याला माझ्याकडे संप म्हणतात. संध्याकाळपर्यंत मला खरं कारण मिळालं नाही तर मी सुराबायाची टोळी बोलावतो, आणि मग तुझ्या काकाला किनाऱ्यावर परत यायची गरज नाही. आजारी काकांची सेवा करा म्हणावं निवांत. इबू, काय काय कारणं चालतात तिथे?"

"दोनच पर्याय आहेत, साहेब," इबू वेनिंग म्हणाल्या. "नातेवाईक आजारी. किंवा..." त्या थांबल्या. साम्पेकडे बघून त्यांनी डोळे खाली घेतले. "किंवा दुसरा."

तिथून डोंगर दिसत नव्हता. खिडकीतून फक्त भट्टी दिसत होती, आडवी, लांब, मिनिटाला जेमतेम एक फेरा घेत. साम्पेला इंदोचं कोपरापर्यंत चढलेलं कडं आठवलं. शब्द कुठल्या भाषेत काढावा, याचा त्याने क्षणभर विचार केला. तोराजाच्या बोलीत तो निघालाच नसता. बाहेरच्या भाषेत काढला तर कदाचित आंब्यांना कळणार नाही असं वाटलं. पण आंबे तरुणपणी पोस्टात होते, त्यांना सगळं कळत असे.

"माझे वडील वारलेत," तो म्हणाला.

इबू वेनिंगनी संगणकावरचे हात काढून घेतले.

"कधी?" सिनागांचा आवाज एकदम खाली आला.

साम्पेने दोन वर्षांपूर्वीची तारीख सांगायला तोंड उघडलं. ती त्याला पाठ होती. पण ती त्याने सांगितली नाही, कारण ती खोटी होती. त्या दिवशी ते नुसते आजारी पडले होते.

"आत्ता," साम्पे म्हणाला.

सिनागा त्याच्याकडे बघत राहिले. त्यांच्या सुमात्रातही माणसाला एकदा पुरून भागत नाही, काही वर्षांनी हाडं वर काढून पुन्हा मानाने ठेवावी लागतात. तेव्हा त्यांना काय कळलं आणि काय नाही, ते सांगता येणार नाही. पण त्यांनी खुर्ची मागे सारली आणि ते उभे राहिले. मग बास्री उठला, मग सगळे. अकरा माणसं केकभोवती माना खाली घालून उभी राहिली.

सगळे खाली बसल्यावर इबू वेनिंग कुजबुजल्या, "पालक गेले की दोन दिवसांची रजा असते. आजपासून धरू का?"

"नको," साम्पे म्हणाला. "ऑगस्टमध्ये धरा."

"दोन दिवसांत होतं?" बास्रीने न राहवून विचारलं.

"दोन दिवसांत डुकरं उतरवून होत नाहीत."

"महिनाअखेर भट्टी," सिनागा घसा साफ करत म्हणाले. "वेगळी करा. जकार्ताशी मी बोलतो. पाचवा विषय?"

पाचवा विषय पंपांच्या वंगणाचा होता. तोही साम्पेचाच. त्याने तो पूर्ण मांडला, दोन शंकांना उत्तरं दिली, कागद गोळा केले आणि पंपघराच्या मागे गेला. तिथे पंपांचा आवाज इतका असतो की माणसाचं काही ऐकू येत नाही. त्यामुळे कारखान्यातली पुष्कळ माणसं तिथे जाऊन रडतात, आणि पंप बंद असले की त्या दिवशी अवघड जातं. त्या दिवशी पंप चालू होते.

*

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात गाव माणसांनी भरून गेलं. एकेचाळीसच्या एकेचाळीस आले होते, बायकापोरांसकट. पोंग सालुने आठ जणांना हाताशी घेऊन भावाला उचललं, त्याचं डोकं पश्चिमेकडून दक्षिणेला फिरवलं, आणि मग शेजारच्या घरात जाऊन बहिणीचंही. अंगणात पहिला रेडा आणला. सुरा एकदाच चालला. रेडा दोन पावलं चालला आणि पुढच्या गुडघ्यांवर बसला.

आंबे मेले.

इंदोने हंबरडा फोडला. दोन वर्षं आत कोंडून ठेवलेला तो आवाज एवढ्याशा बाईतून कसा निघाला कळेना. दामारिसने पायरीवर अंग टाकलं. काळ्या कपड्यातल्या पुरुषांनी एकमेकांच्या करंगळ्यांत करंगळ्या अडकवून गोल धरला आणि गेलेल्याच्या आयुष्याचं गाणं संथपणे सुरू केलं. भट्टीत उलटं लोंबकळून विटा ठोकणारी दणकट माणसं, गाताना त्यांच्या हनुवट्या थरथरत होत्या.

साम्पे गोलात होता. त्याला रडू येत नव्हतं. त्याने प्रयत्न करून पाहिला. शेजारी काका होता, गालांवरून धारा वाहत होत्या, त्याने करंगळीला हिसका दिला. "रड की लेका. बाप गेला तुझा."

"हो, काका," साम्पे म्हणाला, आणि त्याला लाज वाटली. डोळे कोरडेच. गाण्याचा एक फेरा संपला तेव्हा इंदोने त्याला हाताने खूण करून बोलावलं. ती आंब्यांच्या पायथ्याशी काळं पांघरूण घेऊन बसली होती, भिंतीला टेकून. दोन वर्षांत तिला टेकून बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"तुझे आंबे आधीच गेले," ती म्हणाली.

साम्पेने मान हलवली.

"कधी?"

"जूनमध्ये. तू ऑगस्ट म्हणालीस, त्याच्या पुढच्या मंगळवारी."

"बोललास?"

"बोलावं लागलं, इंदो. नाहीतर आज इथे कुणीच नसतं."

तो शिवीची वाट बघत होता. निदान एखाद्या थपडेची. इंदोने आंब्यांवरची शाल उगीच सारखी केली, मग हात मागे घेतला; आता ते करायची गरज नव्हती.

"त्रास झाला का त्याला?"

"नाही. पटकन झालं."

"सोबत कोण होतं तुझ्या?"

"अकरा जण होते."

"आपलं कुणी?"

"नाही."

"एकट्याने केलंस मग," इंदो म्हणाली. आपलं काळं पांघरूण एका बाजूने उचलून तिने त्याच्या डोक्यावरून घेतलं आणि त्याला जवळ ओढलं. आत अंधार होता, तिच्या अंगाला धुराचा वास येत होता. "ये. मी आत्ताच विधवा झालेय. माझ्याबरोबर बस."

बाहेर कर्ण्यावरून कुणीतरी ओरडून सांगत होतं, निळ्या ट्रकमधली डुकरं कुणाच्या नावाची आहेत त्यांनी येऊन सांगावं, चालक घाई करतोय. कुणीच गेलं नाही. पांघरुणाखाली साम्पेचे खांदे हलायला लागले. इंदोने वरून हात ठेवला आणि ती भिंतीला टेकून राहिली.